टेबल सोडण्यास ना हरकत

आमच्या कंपनीच्या विधी विभागात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तरुण वकील दार अर्धं उघडून विचारतो, सर, पाच मिनिटं आहेत का. इतक्या हळू आवाजात पाच मिनिटं मागणारा माणूस एक तर लग्न करणार असतो किंवा नोकरी सोडणार असतो. लग्नवाले हसत येतात, त्यामुळे ओळखायला सोपं जातं. दुसरे खुर्चीच्या कडेवर बसतात आणि वकिलाने नोकरी बदलावी का, गाव बदलावं का, बदलायचं तर कोणत्या वयात, असं विचारतात. या विषयातला मी जाणकार आहे अशी इथे समजूत आहे, कारण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी बावीस वर्षांची चालती वकिली सोडून, बिऱ्हाड उचलून मी या शहरात आलो. अर्ज कसा लिहावा, नेमणूकपत्र कसं वाचावं, एवढं मी त्यांना सांगतो. टेबलाची गोष्ट सांगत नाही. ती पाच मिनिटांत होण्यासारखी नाही.

ते टेबल जुन्या कोर्टाच्या बाररूममध्ये होतं. बाररूम म्हणजे दोन सुनावण्यांच्या मधे वकिलांनी बसायची खोली. आमचं टेबल जिन्याखाली. वरून न्यायाधीश चढले की चहात चुना पडायचा, आणि त्या चुन्याच्या प्रमाणावरून कोणते न्यायाधीश आले हे आम्हाला पाहावं लागत नसे. टेबलाला एकच खण होता आणि तो डावी बाजू किंचित उचलल्याशिवाय उघडत नसे. हे गुपित जगात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि थोरल्यांना.

थोरले म्हणजे माझे सीनिअर. सगळी बाररूम त्यांना थोरलेच म्हणायची, मी तोंडावर साहेब म्हणायचो. मी काळा कोट शिवून त्यांच्याकडे आलो तेव्हा त्यांनी मला पहिली सहा वर्षं फक्त ऐकायला लावलं. आता ते एक्याऐंशी वर्षांचे होते, नऊ वर्षांत एकही काम चालवलेलं नव्हतं, घरी कुणी नव्हतं. पण सकाळी साडेदहाला कोट घालून ते टेबलाशी हजर. माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे, आणि मधूनच बारा वर्षांपूर्वी निकाल लागलेल्या एखाद्या दाव्याबद्दल विचारायचे, "उद्याची तयारी झाली का?" मी झाली म्हणायचो. उमेदीत ते मुदत मागण्यासाठी प्रसिद्ध होते. समोरच्या वकिलाने साक्षीदार उभा केलेला असताना, तो खाली बसायच्या आत, त्यांना पुढची तारीख मिळालेली असे.

आता नियम असा की टेबल ज्याच्या नावावर आहे त्याचंच. तो गेला की प्रतीक्षायादीतल्या पहिल्या वकिलाला ते मिळणार, सगळ्या खुर्च्यांसकट. टेबल आता माझ्या नावावर होतं. म्हणजे मी टेबल सोडलं की थोरल्यांची खुर्ची गेली. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती, आणि पहिल्या दिवसापासून मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो.

सुरुवात केली ती बायकोने. मुलगी या शहरात शिकायला आली होती आणि फोनवर दर वेळी जेवले म्हणून सांगत होती, त्यावरून ती जेवत नाही हे बायकोने ओळखलं होतं. एका सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली वर्तमानपत्राचा एक कापलेला तुकडा निघाला. याच शहरातल्या एका मोठ्या कंपनीला अनुभवी वकील हवा होता. मी म्हटलं, पाहू. बायको म्हणाली, "तुमच्या सगळ्या अशिलांना तारीख मिळते. मला कधी मिळणार?" हिच्यापुढे युक्तिवाद करण्यात अर्थ नसतो, कारण ती निकाल आधी देते आणि कारणं नंतर.

मी अर्ज लिहिला. बावीस वर्षं हाताला एकच वळण असल्यामुळे तो अर्ज दाव्यासारखा झाला. परिच्छेदांना क्रमांक, तिसऱ्या परिच्छेदात 'अर्जास कारण घडले ते येणेप्रमाणे', आणि शेवटी 'सबब नोकरी देण्यात यावी, तसेच न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटेल ती अन्य दाद मिळावी'. टपालात टाकल्यावर मला ते जाणवलं. पण कंपनीत बहुधा कुणाला तरी गंमत वाटली असावी, कारण मुलाखतीला बोलावणं आलं.

मुलाखतीला तिघं जण होते. कायद्याचे प्रश्न मी सरळ सोडवले. मग एका बाईंनी विचारलं की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता. असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी उठून उभा राहिलो, कोट सारखा केला आणि म्हणालो, "या मुद्द्यावर तयारीसाठी मुदत मिळावी." मी उभा होतो, आणि बसण्याची परवानगी कुणी देत नसल्यामुळे उभाच राहिलो. घरी येऊन बायकोला सांगितलं की ही नोकरी काही मिळत नाही. चौथ्या दिवशी नेमणूकपत्र आलं. रुजू व्हायची तारीख दोन महिन्यांनंतरची पहिली.

नेमणूकपत्र चौदा पानांचं होतं. शहाण्या माणसाने खाली सही करून ते परत पाठवलं असतं. मी लाल पेन घेतलं. दुपारी बसलो तो संध्याकाळपर्यंत एकतीस हरकती निघाल्या. बायको दोनदा डोकावून गेली आणि तिसऱ्यांदा म्हणाली की लग्नाच्या वेळी तुम्ही एवढी चौकशी केली असतीत तर मी सुटले असते. कंपनीकडून नम्र उत्तर आलं. एकतीसपैकी तीस हरकतींची नोंद घेतली आहे, एकतिसावी मात्र मान्य करणं कठीण आहे, कारण ज्या कलमावर आपण तीव्र आक्षेप घेतला आहे ते आपल्याला दहा दिवस जादा रजा देणारं कलम आहे. मी ती हरकत मागे घेतली. अशी नामुष्की कोर्टातही कधी आली नव्हती.

खरा खेळ पुढे सुरू झाला. वकिलाला पगारी नोकरी धरायची तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते. मी सनदेच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी सांगितलं की वकील संघाचा दाखला आणा, तुम्ही टेबल सोडणार आहात असा. मी वकील संघात गेलो. तिथल्या कारकुनाने सांगितलं की सनदेच्या अर्जाची पोच आणा, त्याशिवाय तुम्ही टेबल सोडताय हे आम्ही कसं मानायचं. मी खिडकीशी गेलो. खिडकी म्हणाली, दाखल्याशिवाय पोच नाही. बावीस वर्षं मी अशिलांना अशा वेळी 'होईल हो, थोडा धीर धरा' असं सांगत आलो होतो. त्यांनी तेव्हा मला खुर्ची का फेकून मारली नाही याचं मला त्या आठवड्यात मनापासून आश्चर्य वाटलं.

दरम्यान ही बातमी आमच्या इमारतीत वेगळ्याच रूपात पोचली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे. त्यांच्या कानावर एवढंच गेलं की माझी सनद स्थगित होतेय. ते पडलेला चेहरा घेऊन आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की माणसाच्या हातून चूक होते. मी सांगितलं की चूक वगैरे काही नाही, मीच अर्ज केलाय. ते म्हणाले, हो, हो, असंच सांगायचं सगळ्यांना. जाताना त्यांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं की घरात धान्य वगैरे आहे ना. तिने आहे म्हणून सांगितलं आणि दार लावून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. पुढचे आठ दिवस जिन्यात लोक मला आधी वाट देत होते.

शेवटी कारकून आणि खिडकी यांच्यातला पेच कारकुनानेच सोडवला. तो दाखला हातात घेऊन माझ्याबरोबर खिडकीशी आला आणि म्हणाला, "एका हाताने द्या, दुसऱ्या हाताने घ्या." दाखला आत गेला त्याच क्षणी पोच बाहेर आली. कुणीच आधी दिलं नाही आणि कुणीच नंतर दिलं नाही. वीस वर्षं हे असंच चालतं, असं तो म्हणाला.

मग राहिल्या फायली. शेवटची फाईल हातावेगळी होईपर्यंत टेबल माझ्याच नावावर राहणार होतं. माझ्याकडे त्रेचाळीस चालू कामं होती. वकील बदलायचा तर जुन्या वकिलाने वकीलपत्रावर 'ना हरकत' लिहून सही द्यावी लागते, मगच नवा वकील उभा राहू शकतो. माझ्या सह्या मी दोन दिवसांत करून टाकल्या. एक अशील सामाईक भिंतीवरून शेजाऱ्याशी एकोणीस वर्षं भांडत होते. त्यांना आम्ही भिंतवाले म्हणायचो. त्यांनी तर मला मिठीच मारली. त्यांच्या मते आता नवा वकील सगळं पहिल्यापासून वाचणार, म्हणजे अजून पाच-सात वर्षं निश्चिंती. पण त्रेचाळीसपैकी सतरा फायली थोरल्यांच्या काळातल्या होत्या. त्यांच्यावर आम्हा दोघांची नावं होती, आणि तिथे दोघांच्या सह्या लागणार होत्या.

याच सुमारास प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नंबरच्या वकीलबाई टेबल मोजायला आल्या. मी खुर्चीत बसलेलो असताना त्यांनी फितीने टेबलाची लांबी मोजली, रुंदी मोजली, मग पुन्हा लांबी मोजली आणि पेन्सिलीने बरोबर मधोमध एक बारीक खूण केली. मी कोपर उचललं. त्या थँक्यू म्हणाल्या. माणूस जिवंत असताना त्याच्या खाटेचं माप घ्यावं तसं मला झालं. थोरले समोर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी पान उलटलं.

आता सांगणं भागच होतं. शेवटच्या महिन्याच्या आठ तारखेला मी सतरा फायली त्यांच्यासमोर ठेवल्या आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. गाव, कंपनी, पहिली तारीख. टेबलाचं मात्र तोंडातून निघालं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आज चष्मा घरी राहिलाय. पुढची तारीख घे."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

अकरा तारखेला त्यांची दाढ दुखत होती. चौदाला त्यांना माझ्या पेनाची शाई पसंत पडली नाही. सोळाला म्हणाले की न वाचता सही केलेली आपल्याला आठवत नाही, आणि पहिली फाईल उघडली. ती त्यांनी पूर्ण दिवस वाचली. मधेच एका जागी थांबून हसले आणि म्हणाले, इथे तू उलटतपासणीत साक्षीदाराला त्याचंच नाव तीनदा विचारलं होतंस. मला ते आठवत नव्हतं. त्यांनी पान दाखवलं, खरंच तीनदा होतं. तेव्हा मी तिशीचा होतो आणि ती माझी पहिलीच उलटतपासणी होती. कोर्टातून बाहेर आल्यावर त्यांनी फक्त स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला होता, चुन्यासकट.

भिंतवाल्यांच्या फायलीला तीन दिवस लागले. रोज संध्याकाळी मी विचारायचो, साहेब, सही? रोज ते तारीख द्यायचे. घरी सामान बांधलं जात होतं. बायकोने सतरंज्या गुंडाळून ठेवल्यामुळे आम्ही उघड्या लाद्यांवर पाय पोळल्यासारखे चालत होतो. बाररूममध्ये सगळे मला सल्ला द्यायचे. एक म्हणाला, अंगठा घे. दुसरा म्हणाला, त्यांना कळत नाहीये, कुणाकडूनही सही करून घे. मला राग येत होता, आणि तो कुणाचा येतोय हे कळत नव्हतं.

तेवीस तारखेला माझा तोल गेला. सहा फायली वाचायच्या राहिल्या होत्या आणि ते म्हणाले, आज प्रकृती बरी नाही. भरल्या बाररूममध्ये मी आवाज चढवून विचारलं की साहेब, मी काय मागतोय ते तुम्हाला कळतंय तरी का. बावीस वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी पायावर पाय टाकून बसलो नव्हतो.

थोरल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तू ओरडतोयस," ते म्हणाले, "म्हणजे तुझी बाजू लंगडी आहे. शनिवारची तारीख घे. शेवटची."

त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं की मला जायचं नाही. तिने हातातली दोरी खाली ठेवली. वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना टेबलाचं अजून सांगितलं नाहीये ना?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग आधी ते सांगा. नंतर कुठे जायचं आणि कुठे नाही ते ठरवा." फार सोपं होतं ते, आणि तेवढंच मला होत नव्हतं.

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. त्या दिवशी सकाळी वकील संघाच्या समितीची मासिक बैठक असे. मी साडेदहाला पोचलो तर थोरल्यांची खुर्ची रिकामी. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. टेबलाशी बसून मी घड्याळ पाहत राहिलो. साडेअकराला ते वकीलबाईंच्या हाताला धरून समितीच्या खोलीतून बाहेर आले, समोर बसले, आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. सतराही फायलींवर एकापाठोपाठ एक सह्या केल्या. वळणदार, न थरथरता. मग तो गठ्ठा त्यांनी माझ्याकडे दिला नाही. त्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने एक कागद माझ्यासमोर सरकवला.

"एका हाताने दे, दुसऱ्या हाताने घे," ते म्हणाले.

तो वकील संघाला केलेला अर्ज होता, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, परिच्छेदांना क्रमांक घालून. पहिल्यात लिहिलं होतं की अर्जदाराची सनद आजतागायत चालू आहे. दुसऱ्यात, की हे टेबल मूळ अर्जदाराच्याच नावे होते. तिसऱ्यात, की सध्याचे टेबलधारक परगावी नोकरीस जात असून ही गोष्ट अर्जदाराला अभिमानाची वाटते. आणि चौथ्यात एकच ओळ होती. 'अर्जदारास सकाळी साडेदहानंतर जाण्यास अन्य ठिकाण नाही.'

समितीने अर्ज मान्य केला होता. खाली फक्त माझी ना हरकत हवी होती. मी पुढचं वाचलं नाही, कारण मला पुढचं दिसत नव्हतं. ज्या माणसाने नेमणूकपत्रावर एकतीस हरकती काढल्या त्याने बाकीचा कागद न वाचता सही केली.

"तुम्हाला सगळं माहीत होतं," मी म्हणालो.

"समितीची बैठक महिन्यातून एकदाच असते. आधी सही दिली असती तर तुझं टेबल सुटलं असतं आणि माझा अर्ज उशिरा पडला असता." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अशिलाला तेवढी मुदत मिळवून देणं भाग होतं."

"कोण अशील?"

"मीच," ते म्हणाले. "बऱ्याच वर्षांनी काम मिळालं."

वकीलबाई म्हणाल्या की टेबल अर्धं-अर्धं ठरलंय, मधोमधची खूण त्यासाठीच होती. मी तीन आठवडे त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. खण कसा उघडायचा ते मी त्यांना दाखवलं, डावी बाजू उचलून. आता ते तिघांना माहीत झालं.

पहिल्या तारखेला मी इथे रुजू झालो. थोरले पुढे चार वर्षं रोज साडेदहाला येत राहिले. वकीलबाई पत्रातून कळवायच्या की आज त्यांनी उद्याची तयारी विचारली, मी झाली म्हटलं. ते वारले तेव्हा मी गावी गेलो होतो. परतायच्या आधी बाररूममध्ये डोकावलो. जिन्याखाली तेच टेबल, तीच पेन्सिलीची खूण, आणि वकीलबाई खुणेच्या अलीकडे आपल्या अर्ध्यात फायली रचून बसलेल्या. पलीकडचं अर्धं स्वच्छ पुसलेलं, समोर रिकामी खुर्ची.

मी म्हटलं, आता सगळं टेबल वापरा की. त्यांनी खणातून जुना अर्ज काढला आणि नववा परिच्छेद दाखवला. मी न वाचलेला. 'सध्याचे टेबलधारक परत आल्यास अर्जदाराची खुर्ची त्यांस मिळावी. त्यांच्या लेखी ना हरकतीशिवाय ती कोणासही देऊ नये.' खाली माझीच सही होती.

वकीलबाईंनी कोरा कागद पुढे केला, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या की प्रतीक्षायादीत लोक आहेत, तुम्ही ना हरकत लिहून दिलीत तर बरं होईल. सरळ मागणी होती आणि रास्तही होती. मी खुर्चीकडे पाहिलं. वरून कुणीतरी जिना चढत होतं, चुना पडत होता. मी उठून उभा राहिलो आणि मुदत मागितली.

त्यांनी डायरी उघडून तारीख दिली. त्याला आता पाच वर्षं झाली. दर तारखेला मी फोन करतो आणि त्या पुढची देतात.